आरामखुर्ची घ्यायची, तर आधी अंगाचं माप घ्या



कंपनीचा बोनस झाला, बचत गटाचं कर्ज मिळालं किंवा पोरगा नोकरीला लागला की हल्ली आपल्या घरांत एक वस्तू येते. ती म्हणजे मागे रेलून बसायची खुर्ची. कुणी कापडाची जुनी लाकडी आरामखुर्ची घेतं, कुणी लोखंडी नळ्यांची घडीची घेतं. कुणी हप्त्यावर तो सोफा घेतं, ज्याचा दांडा ओढला की पाय वर येतात आणि ज्याला दुकानदार रिक्लायनर म्हणतात. आईच्या गुडघ्यांसाठी, वडिलांच्या कंबरेसाठी म्हणून खुर्ची घेतली जाते. भावना चांगलीच आहे. पण आम्ही वस्तीत घरोघरी जातो तेव्हा यातल्या कितीतरी खुर्च्यांवर धुतलेले कपडे, शाळेची दप्तरं आणि पांघरुणं ठेवलेली दिसतात. जिच्यासाठी खुर्ची आणली ती आजी खाली भिंतीला टेकून बसलेली असते. विचारलं तर म्हणते, "बाई, खुर्ची चांगली हाय, पर त्यातून उठवंना मला."

आजीचं काही चुकत नाही. खुर्ची तिच्या मापाची नाही, एवढंच. चप्पल आपण पायात घालून बघतो, ब्लाउज मापाचा शिवून घेतो. मात्र घरातली सगळ्यात महाग वस्तू घेताना रंग बघतो, गादी दाबून बघतो आणि हप्ता किती ते विचारतो. जिला त्यावर बसायचं असते ती बहुतेक वेळा दुकानात नसतेच. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही आरामखुर्चीबद्दल लिहीत आहोत. ती कशी निवडायची, कुणी वापरायची, कुणी वापरायची नाही, आणि पैसे नसतील तर घरच्या घरी काय करता येतं, हे सगळं बघू.

बसण्याची जागा ही साधी गोष्ट नाही

आपल्या माणसांना बसण्याच्या जागेचा इतिहास सांगावा लागत नाही. बाबासाहेबांना शाळेत इतर मुलांत बसता येत नव्हतं. कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते बसत आणि संध्याकाळी तो तुकडा परत घरी नेत, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावायला तयार नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तरीही २०१९ साली उत्तराखंडात एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार झाली, आणि काही दिवसांनी तो तरुण दगावला.

कामाच्या ठिकाणीही तेच. १९४८ च्या कारखाना कायद्यात, ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसण्याची सोय ठेवण्याचं कलम ४४ आलं. कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांना मात्र बसण्याच्या हक्कासाठी भांडावं लागलं. केरळात कोळिकोडच्या विजी पेनकूट आणि त्यांच्या सोबतच्या कामगार बायांनी हा लढा दिला. २०१८ साली तिथल्या दुकाने कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक झाली आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसा कायदा केला.

हे सांगण्याचं कारण असं की, आपल्या घरातली खुर्ची ही मिरवण्याची वस्तू नाही आणि लाजण्याचीही नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या लाईनवर उभी राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, पहाटे रस्ते झाडणारी बाई संध्याकाळी घरी येते, तेव्हा तिच्या पायांना आराम लागतो. तो औषधाइतकाच गरजेचा आहे. खुर्ची घ्यायची असेल तर पहिला प्रश्न हा विचारा की घरात सगळ्यात जास्त वेळ उभं कोण असतं. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं. आणि बहुतेक घरांत खुर्चीवर दुसराच कुणीतरी टीव्ही बघत बसलेला असतो.

रेलून बसलं की काय होतं?

आपल्या मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात. वाकून, पाठीला आधार न घेता बसलं की त्यांच्यावर दाब वाढतो. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या चकतीत बारीक सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. पुढच्या मोजमापांतून हेही दिसलं की पाठ मागे कलती ठेवली आणि कंबरेच्या खोलगट जागेला आधार दिला की दाब उतरतो. म्हणजे रेलून बसण्यानं आराम वाटतो तो मनाचा खेळ नाही.

पण यात दोन अटी आहेत. एक, कंबरेला आधार हवा. खुर्चीत घसरून पाठीचा धनुष्य झाला तर फायदा जातो. दोन, तासन्तास एकाच अंगानं बसायचं नाही. कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्ध्या-पाऊण तासानं उठावं, चार पावलं टाकावीत. उठता येत नसेल तर बसल्या जागी पायाचे पंजे वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावेत. पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं, सूज कमी येते.

मापं कशी घ्यायची

शिंप्याची टेप घ्या. नसेल तर सुतळी घ्या आणि गाठी मारा. जिला खुर्ची वापरायची आहे तिला सपाट, कडक स्टुलावर किंवा पेटीवर ताठ बसवा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. आता ही मापं घ्या.

पहिलं माप, गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत. बैठकीची पुढची कड जमिनीपासून एवढ्याच उंचीवर हवी. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप साधारण १५ इंचांच्या आसपास येतं. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या १७-१८ इंच उंच असतात. मग पाय लोंबकळतात, मांडीच्या मागे कड रुतते, पायाला मुंग्या येतात. उलट, बैठक फार खाली असली तर उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना मापापेक्षा एखादा इंच उंच खुर्ची चालते, उठायला ती सोपी जाते. मात्र पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत.

दुसरं माप, ढुंगणाच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत. यातून दोन-तीन इंच वजा करा. ती झाली बैठकीची खोली. पाठ मागे पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची घडी यांच्यामध्ये तीन-चार बोटं शिरली पाहिजेत. मोठ्या सोफ्यांची बैठक २०-२२ इंच खोल असते. आपल्या आया-बहिणींना ती फार खोल होते. पाठ टेकवावी तर पाय वर उचलले जातात, पाय टेकवावेत तर पाठ अधांतरी राहते. आजींना खुर्चीतून उठता येत नाही, त्याचं अर्धं कारण इथं असतं.

तिसरं माप, बैठकीपासून कोपरापर्यंत. खांदे सैल सोडून हात कोपरात वाकवा. हाताची दांडी याच उंचीवर हवी. उंच दांडीनं खांदे वर चढतात आणि मान दुखते. खाली असेल तर माणूस एका अंगाला कलतो. ही दांडी बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेली आणि मजबूत हवी, कारण म्हातारं माणूस तिच्यावर जोर देऊनच उठतं. बिनहाताची आरामखुर्ची वयस्कर माणसासाठी घेऊच नका.

चौथं माप, बैठकीपासून डोक्यापर्यंत. मागे रेलल्यावर डोक्याला टेकू मिळाला पाहिजे. पण वरची उशी इतकी फुगीर नको की हनुवटी छातीला लागेल.

रुंदीसाठी वेगळं माप नको. बसल्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली की झालं. फार रुंद खुर्चीत बारीक माणूस एका बाजूला कलंडतो.

ही चार मापं कागदावर लिहा आणि दुकानात न्या. जमलं तर माणसालाच न्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा की आम्ही दहा मिनिटं बसून बघणार. दोन मिनिटांत सगळ्याच खुर्च्या मऊ लागतात. दहा मिनिटांनी कुठं रुततं ते कळतं. शेवटी हात न धरता स्वतः उठायला सांगा. तीन प्रयत्नांत उठता आलं नाही तर ती खुर्ची त्या माणसाची नव्हे.

कुठली खुर्ची कुणाला

कापडाची लाकडी आरामखुर्ची स्वस्त आणि हलकी असते, दुरुस्तीही सोपी. पण तिच्यात कंबर खाली जाते आणि गुडघे वर येतात. तरुण, धडधाकट माणसाला चालते. गुडघेदुखीच्या, पोट सुटलेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला तिच्यातून उठताना त्रास होतो. घरात आधीच असेल तर कापड थोडं आखूड करून घ्या, म्हणजे झोळ कमी होईल. समोरच्या आडव्या दांड्यावर गोधडीची घडी बांधा, म्हणजे मांडीला रुतणार नाही. कापड दांड्यापाशी, शिवणीत कुजतं. दर सहा महिन्यांनी तिथं बघा. मागच्या खाचांमध्ये लेकरांची बोटं सापडतात, म्हणून खुर्ची उघडताना-मिटताना लेकरांना दूर ठेवा.

लोखंडी नळ्यांची घडीची खुर्ची छोट्या घराला बरी, मिटून भिंतीला लावता येते. घेताना चारही पायांची रबरी टोपणं, वेल्डिंगचे सांधे आणि कलतेपणा पक्का करणारी कळ बघा. ती कळ दोन्ही बाजूंना घट्ट बसली पाहिजे. किती किलो वजन पेलते ते विचारा. गुळगुळीत फरशीवर ती सरकते का, हे बसतानाच तपासा.

दांड्याचा किंवा मोटरचा रिक्लायनर महाग असतो आणि जागा खातो. पूर्ण उघडल्यावर तो पाच-साडेपाच फूट लांब होतो, शिवाय बऱ्याच प्रकारांना मागे भिंतीपासून जागा सोडावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत तो उघडला की दार अडतं. म्हणून घरी जमिनीवर खडूनं आखून बघा आणि मगच पैसे द्या. मोटरवाला असेल तर लाईट गेल्यावर तो हातानं खाली आणता येतो का, हे विचारा. नाहीतर पाय वर असलेला म्हातारा माणूस लाईट येईपर्यंत तसाच अडकतो. पाय ठेवायची फळी वर असताना तिच्या आणि बैठकीच्या मध्ये फट राहते. लहान लेकरू तिथं डोकं घालतं. खुर्ची वापरून झाली की फळी मिटवून ठेवायची सवय लावा. आणि ज्यात गरम होण्याची किंवा थरथरण्याची सोय आहे ती खुर्ची शुगरच्या माणसाला देऊ नका. पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसला तरी कळत नाही.

डोलखुर्ची छान वाटते, पण ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी ती धोक्याची आहे. उठताना ती मागे जाते आणि माणूस पुढे पडतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण धरायची वेळ येते.

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून किंवा कुणाकडून जुनी खुर्ची घेत असाल तर गादीच्या शिवणी, कोपरे आणि खालची बाजू उजेडात बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. असली खुर्ची फुकट मिळाली तरी घरात आणू नका. बाकी असेल ती दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. गादी मुठीनं दाबा. सोडल्यावर ती वर आली नाही तर आतला फोम मेला आहे, फक्त कापड नवं घातलंय.

हप्त्यावर घेताना "शून्य टक्के व्याज" ऐकून सही करू नका. प्रोसेसिंग फी किती, एक हप्ता चुकला तर दंड किती, आणि रोखीनं घेतली तर किंमत किती, हे तिन्ही आकडे लिहून मागा.

आजार असेल तर

गुडघेदुखी : उंच बैठक, मजबूत हात, पाय सरळ ठेवायला टेकू. रेलून बसण्याआधी आणि उठण्याआधी गुडघा चार-पाच वेळा सरळ-वाकडा करावा.

पायाला सूज, फुगलेल्या शिरा : पाय वर घेतल्यानं आराम पडतो. टेकू टाचेला न देता पोटरीला द्यावा. पाय छातीच्या बरोबरीनं वर नेता आला तर सूज चांगली उतरते. त्यासाठी खुर्चीपेक्षा झोपून पायाखाली उशा घेणं अधिक उपयोगी.

शुगर : टाच कशावरही दाबून राहू नये. ती मोकळी ठेवा. रोज रात्री तळपाय आणि टाच बघा. लालसर डाग किंवा फोड दिसला तर लगेच दाखवा.

पित्त, घशाशी येणं : जेवून लगेच पूर्ण मागे रेलू नये. दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

लकवा झालेलं माणूस : जेवण, पाणी आणि औषध देताना खुर्ची सरळ करा आणि नंतर अर्धा तास सरळच ठेवा. रेललेल्या अवस्थेत घास भरवला तर तो श्वासनळीत जाऊ शकतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. असं माणूस घसरतं म्हणून साडीनं बांधून ठेवलेलं आम्ही पाहिलं आहे. बांधू नका. दोन्ही बाजूंना उशा द्या आणि बैठकीची पुढची बाजू किंचित उंच करा. दर अर्ध्या तासाला त्यांचं अंग थोडं उचलून भार बदला आणि दोन तासांहून जास्त एका जागी बसवू नका. माकडहाडाशी लाली दिसली की समजा, जखमेची सुरुवात आहे.

गरोदर बाई : शेवटच्या महिन्यांत सपाट उताणं झोपल्यावर गरगरतं. अर्धं रेलून, कंबरेला उशी देऊन बसणं तिला बरं वाटतं. झोपताना कूस बरी. पण चेहऱ्याला आणि हातांना सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं आरामानं जाणारी नाहीत. त्याच दिवशी बीपी तपासून घ्या.

बाळंतीण : सिझेरियन झालेल्या बाईला खोल खुर्चीतून उठताना टाक्यांवर ताण येतो. तिला हाताची, जरा उंच खुर्ची द्या आणि दूध पाजताना कोपराखाली उशी द्या. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवा : बाळाला छातीवर घेऊन आरामखुर्चीत किंवा सोफ्यावर झोपायचं नाही. थकलेल्या आईला, बापाला, आजीला डोळा लागतो, बाळ फटीत सरकतं आणि गुदमरतं. डोळे जड झाले की बाळ दुसऱ्याच्या हाती द्या.

खुर्ची हा उपाय नाही, अशी दुखणी

आरामखुर्चीचा एक मोठा धोका आहे. ती दुखणं लपवते. "आडवं झालं की दम लागतो, म्हणून बाबा हल्ली खुर्चीतच झोपतात," असं एखाद्या घरात सहज सांगितलं जातं. आडवं पडल्यावर दम लागणं आणि पायांना सूज येणं हे हृदय थकल्याचं लक्षण असू शकतं. खुर्चीनं झोप लागते, पण हृदय तसंच राहतं. अशा माणसाला घाटीत किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवा. बसूनही दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.

एकाच पायाला अचानक सूज, पोटरी दुखणं आणि गरम लागणं : शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका, मालिश करू नका, लगेच दवाखाना गाठा.

पाठदुखीसोबत संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं : मणक्याचा टीबी असू शकतो. वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो. सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं मोफत मिळतात.

कंबरदुखीसोबत पायातली ताकद जाणं, बसायची जागा बधिर होणं, लघवी अडकणं किंवा कळत नसताना होणं : इथं एक दिवससुद्धा थांबायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

पैसे नसतील तर

आरामासाठी हजारो रुपये लागतातच असं नाही. दवाखान्यात पूर्वीपासून चालत आलेली एक युक्ती आम्ही वस्तीत अनेकांना शिकवली आहे. साधी लाकडी खुर्ची उलटी करून बाजेच्या किंवा पलंगाच्या उशाशी ठेवायची. तिचे पाय भिंतीकडे आणि पाठीचा भाग आपल्याकडे उताराला आला पाहिजे. त्यावर गोधडी आणि उशी टाकली की रेलून बसायला टेकू तयार. खुर्ची सरकू नये म्हणून पलंगाला दोरीनं घट्ट बांधायची. गुडघ्यांखाली गुंडाळलेली वाकळ दिली की माणूस खाली घसरत नाही.

घरात असलेली साधी हाताची खुर्चीही मापात आणता येते. पाय टेकत नसतील तर पायाखाली लाकडी पाट द्या. खुर्ची ठेंगणी असेल तर बैठकीवर घट्ट घडी घातलेलं जाजम टाका. पायांखाली सुट्या विटा ठेवू नका, त्या सरकतात. वस्तीतल्या सुताराकडून खळगा पाडलेले चार ठोकळे करून घ्या, पाय त्यात बसतात. बैठक खोल असेल तर पाठीमागे कडक उशी द्या. कंबरेसाठी टॉवेल गुंडाळून, दोन्ही टोकांना सुतळी बांधून करदोट्याच्या उंचीवर खुर्चीला बांधा. लाकडी खुर्ची उंच असेल तर सुतार चारही पाय सारखे कापून देतो.

सरकारी मदतीबद्दल नेहमी विचारणा होते. २०२४ पासून राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या बँक खात्यात एकदा ३,००० रुपये जमा करण्याची त्यात तरतूद आहे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कंबरेचा पट्टा अशा साधनांसाठी ती रक्कम आहे. आरामखुर्ची त्या यादीत नाही. पण ज्या घरात आजीला उकिडवं बसता येत नाही, तिथं आरामखुर्चीच्या आधी कमोड खुर्चीची गरज असते. अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. "आम्ही काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका.

विहारातही खुर्ची ठेवा

वंदनेला येणाऱ्या वयस्कर बाया गुडघे धरून खाली बसतात आणि उठताना दोघींना हात द्यावा लागतो. काहीजणी तर याच कारणानं विहारात येणं सोडतात. एका आजोबांनी आम्हाला विचारलं होतं, "उपोसथाला अष्टशील घेतो, त्यात उंच आसन वर्ज्य आहे. मग खुर्ची चालते का?" तो नियम चैनीच्या, ऐसपैस आसनांविषयी आहे. दुखऱ्या गुडघ्याला दिलेला टेकू ही चैन नाही.

सुत्तपिटकात कपिलवस्तूचा एक प्रसंग आहे. शाक्यांनी नवं सभागृह बांधलं होतं. भगवंतांनी रात्री उशिरापर्यंत धम्म सांगितला आणि मग आनंदाला म्हणाले की पुढचं तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो. चौपदरी संघाटी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. भरल्या सभेत तथागतांनी पाठदुखी सांगितली आणि विश्रांती घेतली. मग आपल्या आयांनी "माझे गुडघे दुखतात" म्हणायला का लाजावं?

विहार समित्यांना आमची विनंती आहे की चार-पाच हाताच्या, मजबूत खुर्च्या भिंतीकडेला कायमच्या ठेवा. पाहुणे आल्यावर मंचावर नेण्यासाठी त्या उचलू नका. त्या वयस्कर माणसांच्या आहेत, असं फळ्यावर लिहून टाका.

बाजारात जाण्याआधी

एक, खुर्ची कुणासाठी हे ठरवा आणि त्या माणसाची चार मापं लिहून घ्या. दोन, घरात ती कुठं ठेवणार ते खडूनं आखा. तीन, आधी घरातली खुर्ची पाट, उशी, टॉवेल लावून आठवडाभर वापरून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. चार, दुखणं पंधरा दिवसांहून जुनं असेल तर खुर्चीच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि खुर्ची घरी आल्यावर संध्याकाळी सहा ते सातचा एक तास घरातल्या बाईचा, असं ठरवून टाका. त्या तासात चहा दुसऱ्यानं करायचा, भाजी दुसऱ्यानं निवडायची. सुरुवातीला ती बसणार नाही, "राहू द्या, कामं पडलीत" म्हणेल. तेव्हा हाताला धरून बसवा, पायाखाली पाट सरकवा आणि पाठीमागे उशी नीट लागली का ते विचारा.

जयभीम. नमो बुद्धाय.